मनापासून लिहिलंय, मग?

जूनचा पहिला पाऊस आणि दिवाळी अंकाचे लेख माझ्या घरात साधारण एकाच आठवड्यात शिरतात. पाऊस खिडकीतून, लेख फोनमधून. एका छोट्या अंकासाठी आलेलं लेखन वाचायचं, निवडायचं आणि उरलेलं परत करायचं, हे काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. वाचण्याचा त्रास होत नाही, निवडण्याचाही नाही. त्रास होतो तो परत केल्यावर येणाऱ्या फोनचा. माणसं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच: "सर, अगदी मनापासून लिहिलं होतं हो."

परवाचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. आवाजात अदब, बोलण्यात नेमकेपणा. कर्जाचा अर्ज कुणी यांच्यापुढे अर्धवट भरून नेला असता तर दुसऱ्या मिनिटाला तो परत आला असता. लेख आजीवर होता, १८०० शब्दांचा. मी सोबत चिठ्ठी जोडली होती: 'मधे एक फार चांगली जागा आहे. तिथून पुन्हा लिहून पाठवा.' त्यातला 'पुन्हा' त्यांना लागला.

"पुन्हा म्हणजे कसं? एका बैठकीत उतरलाय तो. रात्री दीडला उठून लिहिला. डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. आता त्यात हात घातला की त्यातला जिवंतपणाच जाणार." थोडं थांबून, जरा खालच्या पट्टीत, "आमच्या मंडळींना वाचायला दिला होता. ऐंशी जणांनी 'अप्रतिम' म्हणून कळवलं. तुम्हालाच तेवढा..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुढचं मी ओळखायचं होतं.

हे त्यांचं एकट्याचं मत असतं तर मी चहा पिऊन विसरून गेलो असतो. पण मराठीत लिहिणाऱ्यांचा हा आता जवळजवळ धर्म झाला आहे. त्याची कलमं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. लेखन आतून येतं. पहिल्यांदा येतं तेच अस्सल, नंतर त्यावर हात फिरवणं ही कारागिरी, आणि कारागिरी म्हणजे थोडक्यात लबाडी. लोकांच्या काळजाला भिडलं की झालं. दर्जा वगैरे ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. ऱ्हस्व-दीर्घ ही पेठांमधली मिजास. 'भावना समजून घ्या.' हे उद्घाटनाच्या भाषणांत ऐकू येतं, लेखन कार्यशाळेत पैसे घेऊन शिकवलं जातं, आणि पुस्तकाच्या मागच्या पानावर 'उत्स्फूर्त', 'निखळ', 'प्रांजळ' अशा विशेषणांत छापूनही येतं. हे पुस्तक सहा वेळा लिहिलं आहे, असं मागच्या पानावर अभिमानाने छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तर आधी या 'मनापासून'चं बघू. मनापासून केलेला उपमा खारट होत नाही का? शिंप्याने अगदी मनापासून शिवलेला सदरा काखेत दाटत असेल तर आपण त्याचं मन बघून तो घालतो का? दातांच्या डॉक्टरने भरल्या डोळ्यांनी शेजारचा चांगला दात उपटला तर? प्रत्येक कामात आपण हाताने काय झालं ते बघतो. लेखनातच तेवढं, हात राहू द्या, मन बघा. रात्री दीड वाजताचं रडू त्या माणसाचं खरं होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ते रडू त्याच्या उशीला ठाऊक. माझ्यापर्यंत आली ती अक्षरं, आणि ती कोरडी होती.

किती कोरडी? पहिल्या पानावर 'आठवणींचा हळवा कप्पा' होता. 'मायेची सावली' होती. 'सुरकुतलेला पण प्रेमळ चेहरा' होता (हा 'पण' का? सुरकुत्या आणि प्रेम यांचं वैर कधीपासून?). 'थरथरते हात', 'नऊवारीचा उबदार पदर' आणि शेवटी 'वात्सल्यसिंधू'. आता या पानावरची आजी काढा आणि तिथे माझी आजी बसवा. बसते. तुमची बसवा, तीही बसते. ज्याला आजी पाहायलाच मिळाली नाही अशा माणसालाही हे पान सहज लिहिता आलं असतं, कारण यातला एकही शब्द आजीकडून आलेला नाही. आठवीच्या निबंधाच्या वहीतून, भावगीतांतून, मालिकांतून आणि दुसऱ्यांच्या आज्यांवरच्या लेखांतून ते आले आहेत.

आणि मग तिसऱ्या पानावर, कंसात, जाता जाता, हे होतं: कपाटाची किल्ली आजी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची, आणि वर्षातून एखाद्या वेळी ती भाताबरोबर शिजायची. ज्याच्या ताटात किल्ली येईल त्याला त्या दिवशी कपाटातला एक लाडू जास्तीचा.

इथे मी थांबलो. किल्ली लपवायची, ती कुणापासून? घरात परकं कोण होतं? आणि मुख्य म्हणजे, तांदूळ काही डब्यातून थेट आधणात पडत नाहीत. ते सुपात घेतात, निवडतात, दोन पाण्यांनी धुतात. एवढ्या हातांखालून किल्ली निसटते म्हणजे आजीला दिसेनासं झालं होतं आणि घरात ते कुणी बोलत नव्हतं? की तिला चांगलं दिसत होतं, आणि पोरांच्या पंगतीची गंमत म्हणून ती मुद्दामच टाकत होती? या दोन आज्या अगदी वेगळ्या आहेत. एकीवर दया येईल, दुसरीवर जीव जडेल. लेखकाला यांतली कोणती आजी होती हे ठरवावंच लागलं नाही, कारण तो 'वात्सल्यसिंधू' लिहून मोकळा झाला होता.

मी फोनवर विचारलं, "त्या किल्लीचं काय हो?" ते हसले. "ते होय? ते असंच मधे आठवलं, म्हणून कंसात टाकून दिलं."

असंच आठवलं! पहिल्या झटक्यात येतं ते आपलं असतं, हा या धर्माचा मूळ मंत्र, आणि तोच मुळात खोटा आहे. पहिल्या झटक्यात हाताला लागतं ते सगळ्यात जवळ पडलेलं असतं, आणि सगळ्यात जवळ पडलेली असते ती शेकडो तोंडांतून फिरून आलेली भाषा. आपलं स्वतःचं असतं ते डब्याच्या तळाशी. तिथवर हात पोचायचा तर वरचे तांदूळ उपसावे लागतात. उत्स्फूर्त म्हणून जे मिरवतो ते बहुतेक वेळा पाठांतर असतं, आणि ज्याला कारागिरी म्हणून नाक मुरडतो, त्या खाडाखोडीतच पहिल्यांदा खऱ्या माणसाचा आवाज ऐकू येऊ लागतो.

यावर एक हुकमी उत्तर तयार असतं. "मग बहिणाबाईंचं काय? त्यांना कुठे लिहिता येत होतं?" बहिणाबाईंचं नाव असं ढालीसारखं पुढे करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांची गाणी मोठ्याने म्हणून पाहिली असतील, कुणास ठाऊक. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या, गाणी इतरांनी उतरवून घेतली, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्या हाती ती वही आली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, हे खरं. पण निरक्षर म्हणजे बेफिकीर, हे कुणी सांगितलं? जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीला दगडाच्या फेऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. शब्द एक मात्रा जास्त झाला की हात अडखळतो. यमक ओढूनताणून आणलं तर समोर खुंट्याला हात लावून बसलेली बाई हसते. तीच ओवी दुसऱ्या दिवशी, पुढच्या वर्षी, वेगळ्या घरात पुन्हा म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी एखादा जड शब्द गळून हलका शब्द येतो. बहिणाबाईंनी लिहिलं नाही. पण कागदावर एकदा उतरलं की संपलं, ही चैनही त्यांना नव्हती. त्यांच्या नावाने आपला पहिला खर्डा पुढे सरकवणाऱ्याने आधी शंभर दळणं दळावीत.

दुसरं उत्तर असतं 'कोसला'चं. नेमाड्यांनी ती पंचविशीत, थोड्याच दिवसांत झपाट्याने लिहून काढली, ही कथा प्रत्येक नवोदिताला माहीत असते. १९६३ पासून ती सांगितली जाते आहे आणि दरवेळी त्यातले दिवस थोडे कमी होत आले आहेत. मान्य, झपाट्याने लिहिली. पण तो झपाटा कुणाचा होता? ज्या माणसाने पुढे 'टीकास्वयंवर' लिहून दुसऱ्यांची सैल वाक्यं चिमटीत धरून दाखवली, त्याचा. त्याचा कान आधी तयार होता, लिहायला बसणं नंतर झालं. पहिलवानाने कुस्ती दोन मिनिटांत मारली म्हणून कुस्ती दोन मिनिटांचं काम ठरत नाही. तालमीतली वर्षं प्रेक्षकांना दिसत नाहीत, इतकंच.

संतांचं नाव निघालं की मात्र माझा संयमच सुटतो. 'संतांनी कुठे हो खाडाखोड केली, त्यांचं सगळं आतून आलं.' दासबोध उघडा. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास नुसत्या लिहिण्याच्या क्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, शाई काळीभोर हवी, कडेला जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, इथवर समर्थांनी विचार केला आहे. हे हस्ताक्षराबद्दल आहे, रचनेबद्दल नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर. नुसत्या नकलेसाठी ज्यांना एवढी काळजी, ते रचनेच्या बाबतीत 'भावना समजून घ्या' म्हणत असतील का? आणि पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, काय केलं? ज्ञानेश्वरीच्या पाठांत सुमारे ३०० वर्षांत जी भेसळ झाली होती ती निवडून काढली आणि ग्रंथ शुद्ध केला. त्यात वर आपली ओवी घुसवणाऱ्याला त्यांनी असं फटकारलं आहे की आजच्या संपादकाची तेवढी हिंमत होणार नाही. मराठीतलं संपादन इतकं जुनं आहे, आणि ते भक्तीच्या पोटी झालं. आपण मात्र शब्दावर हात फिरवायला गेलो की भाव विटेल म्हणून भितो.

आता 'भावना पोचल्या ना, मग झालं'. या वाक्याचा पहिला मारा होतो शुद्धलेखनावर, आणि इथे मी एक गोष्ट मोकळेपणाने देऊन टाकतो. नियम म्हणजे लेखन नव्हे. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत ४ वाढले. त्याआधीही उत्तम मराठी लिहिलं जात होतं आणि हे अठराही नियम पाळून अत्यंत भिकार लिहिता येतं. बोली अशुद्ध असते असं म्हणणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही. पण बोलीचा कैवार घेऊन गबाळेपणाला पाठीशी घालणाऱ्यांच्या पंगतीलाही नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या, वऱ्हाडी माणसं त्यात कशी बोलतात ते बघा, एक क्रियापद इकडचं तिकडे झालेलं नाही. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्यातले शब्द पांढरपेशा वाचकाला ठाऊकच नव्हते, पण ते शब्द नेमके तेच आणि तिथेच होते. बोलीत लिहिणाऱ्याला दुप्पट जपून लिहावं लागतं, कारण त्याच्यामागे शब्दकोश उभा नसतो. 'दिन' लिहायचं तिथे 'दीन' लिहिणाऱ्याचा दिवस गरीब होतो, एवढीच त्याची बंडखोरी.

बंडखोरीवरून आठवलं. १९६९ साली तरुण लेखकांनी 'सत्यकथा' मासिकाच्या अंकाची होळी केली, तिचा दाखला या मंडळींना फार प्रिय. 'पाहा, संपादकशाही जाळली!' 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाशी पत्रापत्री करायचे, हे आता जुलमाची कहाणी म्हणून सांगितलं जातं. त्या होळीमागे रागाची खरी कारणं होती. कुणाचं जगणं साहित्यात येतं आणि कुणाचं येत नाही, हा तो झगडा होता. आम्हाला पुन्हा लिहायला सांगू नका, असा तो झगडा नव्हता. ज्यांनी अंक जाळले ते स्वतःच्या अनियतकालिकांत शब्दाशब्दावरून हमरीतुमरीवर येत होते. आजच्या आळसाला त्यांच्या विस्तवावर शेकू देऊ नये.

पण या सगळ्याहून जास्त माझा राग आहे तो एका गैरसमजावर, की सुधारणं म्हणजे वरून रंग देणं. मजकूर तोच, फक्त गुळगुळीत. इथे माझीच फजिती सांगतो. तिशीत असताना मी आमच्या गावच्या विहिरीवर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं: 'गाळाने भरलेल्या या ऐतिहासिक विहिरीच्या स्वच्छतेचे काम ग्रामस्थांच्या माध्यमातून पूर्ण करण्यात आले.' मला ते फार भारदस्त वाटलं होतं. लेख परत आला. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात एकच शब्द: 'कोण?'

मी चिडलो. संपादकाला एवढंही कळत नाही? ग्रामस्थांनी! मग मनात म्हटलं, बघू तरी. गावी गेलो, विचारत फिरलो. ग्रामस्थ म्हणजे सरपंच, दोन मास्तर आणि मी, असे काठावर उभे होतो. प्रत्यक्ष खाली उतरून टोपल्यांनी गाळ काढला तो चार जणांनी, मजुरीवर. ते ज्या वस्तीतले होते, त्या वस्तीला त्याच विहिरीवर पाणी भरायला एके काळी बंदी होती. त्यांतल्या एकाची आई तेव्हा हयात होती. काठापासून किती लांब उभं राहावं लागे, ते तिने मला अंगणात पावलं टाकून दाखवलं. नऊ पावलं.

माझं 'करण्यात आले' हे नऊ पावलं गिळून बसलं होतं. ते वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, हेतूने शुद्ध होतं आणि मी ते मनापासूनच लिहिलं होतं. तरी ते खोटं होतं. पेन्सिलीच्या एका शब्दाने ते उघडं पाडलं. या अनुभवानंतर 'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे', आणि आता बातम्यांतून घराघरांत पसरलेलं 'पाहायला मिळतंय' यांतलं काहीही समोर आलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. कोण करतंय? कुणाला मिळतंय? कर्ता लपवणारं वाक्य बहुधा काहीतरी लपवत असतं, पुष्कळदा लिहिणाऱ्यापासूनच.

राहिले ते ऐंशी 'अप्रतिम'. त्यांची मला खरंच कीव येते, म्हणजे त्या ऐंशी माणसांची. निवृत्त माणसाने, ज्याच्याशी आपली तीस वर्षांची ओळख, आपल्या वारलेल्या आजीवर लिहिलेलं वाचायला दिलं, तर दुसरं काय म्हणणार? 'पहिलं पान कापा'? तसं म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी कोजागिरीच्या दुधाला नसेल. ती दाद त्या माणसाला आहे, त्याच्या आजीला आहे, सौजन्याला आहे. लेखाला ती आहे की नाही, हे कळायचा मार्ग साधा आहे. तुम्हाला न ओळखणाऱ्या एकाला तो वाचायला द्या, मत विचारू नका. आठ दिवसांनी भेटल्यावर विचारा, त्यातलं काय आठवतंय? माझी पैज आहे, 'वात्सल्यसिंधू' आठवणार नाही, किल्ली आठवेल.

'दर्जा म्हणजे शेवटी ज्याची त्याची आवड' असं म्हणणाऱ्याला मी गावच्या भजनी मंडळात घेऊन जाईन. तिथे कुणीही समीक्षा शिकलेलं नसतं. पण पखवाज एका मात्रेने मागे पडला की टाळ वाजवणारा मान वर करून बघतो. अभंग कुणाला कोणता आवडतो हा आवडीचा भाग, ठेका सुटला हा आवडीचा भाग नाही. लेखनातही हे कळतं, फक्त कानाने कळतं. स्वतःचं लिहिलेलं दार लावून मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य फुगलेलं असतं. जिथे आवाज उगाच नाटकी होतो तिथे तुम्ही काहीतरी खपवत असता. जिथे आपोआप पुटपुटायला लागता, तिथे ती ओळ तुम्हालाच पटलेली नसते. डोळा आपल्या लिखाणाला फितूर असतो, जीभ तेवढी फितूर होत नाही. आणि वाचण्याआधी ते निदान आठवडाभर नजरेआड ठेवा. लोणचं घातल्या दिवशी कुणी चाखत नाही.

आता नवीच सोय झाली आहे. दोघा-तिघांनी मला ऐकवलं, "एवढं कशाला, यंत्राला द्या, ते सुधारून देतं." मी आजीचा तो परिच्छेद देऊन पाहिला. ऱ्हस्व-दीर्घ नीट झाले, यात वाद नाही. किल्लीचं काय झालं? 'आजीच्या विसरभोळेपणाच्या अशा अनेक गोड आठवणी आजही मनात रुंजी घालतात.' किल्ली नाहीशी! भात नाही, ताट नाही, जास्तीचा लाडू नाही. कंसात का होईना, लेखकाने ती ठेवली तरी होती. सुधारणं म्हणजे गुळगुळीत करणं, असं मानणाऱ्यांना त्यांच्या मनासारखा संपादक मिळाला आहे, एवढंच म्हणतो. किल्ली कुणी टाकली हे त्याला विचारून काय उपयोग? त्या घरात तो जेवायला नव्हता.

'मनापासून लिहिलं' हे लेखाचं समर्थन होऊच शकत नाही, निमित्त फार तर होईल. मनापासून बसता ना? मग पहिल्या खर्ड्यावर उठता कशाला? ज्या आजीसाठी रात्री दीडला उठलात, तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, कोरड्या डोळ्यांनी, तासभर बसवत नाही? तिच्यावर उधारीची विशेषणं लादून तिला हजार आज्यांच्या रांगेत उभी करता, आणि हात लावू नका म्हणता? तिच्या आठवणीचा अपमान मी पेन्सिल लावली तर होतो, की तिला 'वात्सल्यसिंधू' म्हणून निकालात काढली तर?

यातलं बरंचसं मी त्या गृहस्थांना फोनवर ऐकवलं. जरा चढ्या आवाजात, हेही कबूल करतो. त्यांनी ऐकून घेतलं. बँकेत काउंटरवर बसलेल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. मग म्हणाले, "तुमचं ते आजीला दिसत नव्हतं की ती मुद्दाम टाकत होती, ते काही बरोबर नाही."

"का बरं?"

"तांदूळ आजी नव्हती निवडत. तिला सुपापाशी बसवायचेच नाहीत. तांदूळ आई निवडायची."

मी काही बोललो नाही. पलीकडेही बराच वेळ शांतता होती. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"लाडवाच्या कपाटाची किल्ली," ते सावकाश म्हणाले, "आईकडे कधीच नव्हती."

"हे लेखात नाही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "अंक छपाईला कधी जातो तुमचा?"